आत्याबाईंची पाटी

सन २०२४ च्या डिसेंबरांत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा चार वर्षांनीं अमेरिकेहून घरीं आला. परदेशांतून येणाऱ्या मुलाच्या पेटींतून काय काय निघतें, हें आतां कोणास सांगावयास नको. बदामांच्या पिशव्या, चॉकोलेटें, वडील मंडळींच्या गुडघ्यांसाठीं मलमें, आणि शेजाऱ्यांकडे वांटावयास आणखी चॉकोलेटें. परंतु या खेपेस पेटीच्या तळाशीं, एका लोकरी सदऱ्यांत गुंडाळून, त्यानें आमच्या आत्याबाईंसाठीं एक वाचनयंत्र आणलें होतें. ज्यास ई-रीडर म्हणतात तें हें यंत्र. आकारानें पूर्वीच्या शाळेंतील पाटीहून लहान, वजनानें हलकें आणि रंगानें काळें. आत्याबाईंनीं तें हातांत घेतांच त्याचें ‘पाटी’ असें नांव ठेविलें, व घरांत तेंच रूढ झालें.

आत्याबाईंचें वय ब्यायशीं. मॅट्रिकपर्यंत त्या शिकल्या. पुढचें शिक्षण संसाराच्या धबडग्यांत राहिलें, पण वाचनाची भूक कधीं राहिली नाहीं. दुपारचीं जेवणें आटोपून स्वयंपाकघर आवरलें कीं खिडकीशीं बसून तासभर वाचावयाचें, हा त्यांचा नेम आम्ही समजूं लागल्यापासून पाहत आलों आहों. दोन वर्षांपूर्वीं डोळ्याच्या मागच्या पडद्याचा विकार जडला, डाव्या डोळ्यास मधला भाग दिसेनासा झाला, आणि हा नेम मोडला. मासिक आलें कीं त्या पानें उलटून चित्रें पाहत, आणि ‘हल्लीं अक्षर फार बारीक काढतात,’ असें म्हणून तें खालीं ठेवीत. घरांतील कोणी ना कोणी वाचून दाखवी. पण वाचून दाखविणाराचें लक्ष घड्याळाकडे असतें, हें ऐकणारास कळत असतें.

पाटीवर अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें. मराठी पुस्तकेंही आतां अशा यंत्रांवर मिळतात. किंडल या प्रसिद्ध यंत्रावर तीं २०१६ च्या डिसेंबरांत रीतसर आलीं. पुतण्यानें परत जाण्यापूर्वीं चार कादंबऱ्या पाटींत घालून दिल्या. एका ओळींत तीन-चारच शब्द मावतील एवढें अक्षर करून आत्याबाई पुन्हां खिडकीशीं बसल्या. पहिल्या दिवशीं तीन तास त्यांनीं पाटी खालीं ठेविली नाहीं. चहा निवून गेला, आणि आमच्या कुटुंबानें तो पुन्हां गरम करून नेला तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें. कादंबरींतील प्रसंग तसा होता, असें त्या म्हणाल्या.

वाचन थांबवून कळ दाबली कीं पाटी निजते, आणि निजतांना तिच्या तोंडावर एक चित्र उमटतें. आमच्या पाटीवर तें बहुधा एखाद्या इंग्रजी पुस्तकाचें मुखपृष्ठ असे. कधीं डोंगरावरचें एकाकी काळें घर, कधीं पाठमोरी उभी असलेली स्त्री, कधीं सुरी. चार-पांच चित्रें आळीपाळीनें येत आणि कांहीं दिवसांनीं त्यांत एखादें नवें मिसळे. आम्हीं तिकडे कधीं लक्ष दिलें नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर जाहिराती असतात, वर्तमानपत्रांत बातमीपेक्षां जाहिरात मोठी असते. अशा जगांत पाटीवरचें चित्र कोण पाहतो?

आत्याबाई पाहत होत्या. माघांत एके दिवशीं त्यांच्या उशाशीं आमच्या मुलीची एक जुनी वही दिसली. तींत मोठ्या, थरथरत्या अक्षरांत इंग्रजी नांवें लिहिलेलीं होतीं. एकंदर अकरा, आणि प्रत्येकापुढें तारीख. हें काय, असें विचारतां त्या जराशा ओशाळून म्हणाल्या, “अरे, तो तिकडून पुस्तकें पाठवितो ना माझ्यासाठीं! पहिलेंच अजून हातीं धरलें नाहीं, तोंच अकरा झालीं. माझें इंग्रजी तें काय! पण त्याला वाईट वाटूं नये म्हणून नांवें तरी लिहून ठेवतें. उन्हाळ्यांत एकेक लावीन.”

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. ती जाहिरात आहे हें चित्राच्या कोपऱ्यांत लिहिलेलें असे. परंतु तें ज्या बारीक अक्षरांत असे तीं अक्षरें दिसत नाहींत, म्हणूनच तर पाटी घरांत आली होती. “आत्या, तीं पुस्तकें त्यानें धाडलेलीं नव्हेत. दुकानाच्या जाहिराती आहेत त्या,” असें आम्हीं सांगितलें. हें त्या वेळीं सांगावयास हवें होतें कीं नव्हतें, याचा विचार आम्हीं मागाहून पुष्कळदां केला आहे. त्यांनीं वही मिटली, उशीखालीं ठेविली आणि म्हणाल्या, “बरें. मला वाटलें, आठवण होते त्याला.” त्या दुपारीं पाटी उघडली गेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं उघडली, पण वाचून झाल्यावर त्यांनीं ती पालथी ठेविली, आणि पुढें रोज पालथीच ठेवूं लागल्या.

तेव्हां आम्हीं हा प्रकार काय आहे तें नीट समजून घेण्याचें मनावर घेतलें. आमच्या पाटीवर कोणत्या कंपनीचें नांव आहे, याच्याशीं वाचकांस कर्तव्य नाहीं. परंतु ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा घरांतून ही वस्तु आतां वरचेवर येऊं लागली आहे, म्हणून या व्यवहाराचा जो उघड इतिहास आहे तो थोडा सांगतों.

अमेझॉन कंपनीनें किंडल प्रथम विकावयास काढलें तें २००७ च्या नोव्हेंबरांत, आणि तेव्हां त्याची किंमत ३९९ डॉलर होती. ती उतरत उतरत २०१० सालीं वायफायवर चालणाऱ्या किंडलास १३९ डॉलर झाली. २०११ च्या एप्रिलांत कंपनीनें त्याच यंत्राची दुसरी एक जात जाहीर केली. किंमत ११४ डॉलर. उरलेल्या पंचवीस डॉलरांच्या बदल्यांत ग्राहकानें जाहिराती पाहावयाच्या. त्यांस नांव मात्र जाहिरात असें न देतां ‘खास सवलती’ असें दिलें! पहिल्या जाहिरातदारांत ब्यूइक ही मोटार होती, आणि ओले हें तोंडास लावावयाचें क्रीमही होतें. त्यापूर्वीं निजलेल्या किंडलवर जेन ऑस्टिन, मार्क ट्वेन, एमिली डिकिन्सन अशा ग्रंथकारांचीं चित्रें येत असत. ग्रंथकार उठले आणि त्यांच्या जागीं मोटार येऊन बसली, असें कोणी म्हटलें तर तें अगदींच खोटें होणार नाहीं. पुढें मोटारी आणि क्रीमें मागें पडलीं, व आतां अशा यंत्रावर बहुतेक जाहिराती पुस्तकांच्याच असतात. पुस्तकाच्या दुकानानें पुस्तकाचीच जाहिरात करावी हें दिसण्यांत अधिक सभ्य. पण आमच्या घरीं घोटाळा झाला तो त्यामुळेंच. मोटारीचें चित्र असतें तर आत्याबाईंनीं तें नातवाचें प्रेम समजून वहींत टिपलें नसतें.

पंचवीस डॉलरांचें तें अंतर पुढें बदललें. २०११ च्या सप्टेंबरांत साधें किंडल जाहिरातींसह ७९ व त्यांवांचून १०९ डॉलरांस, आणि बोटाच्या स्पर्शानें चालणारें ९९ व १३९ डॉलरांस जाहीर झालें. चाळीस डॉलर वांचत असतील तर माणूस मोटारीचें चित्र आनंदानें पाहील, हें आम्ही समजूं शकतों. २०१२ सालीं आलेल्या पेपरव्हाइट यंत्रापासून मात्र हा फरक वीस डॉलरांवर येऊन ठेपला. २०२४ च्या ऑक्टोबरांतील साधें किंडल अमेरिकेंत जाहिरातींसह सुमारें ११० आणि त्यांवांचून सुमारें १३० डॉलरांचें होतें.

जाहिरात निजलेल्या पाटीवरच कां, याचें उत्तर यंत्राच्या घडणींत आहे, आणि तें आम्हांस फार मनोरंजक वाटलें. हा पडदा दूरचित्रवाणीच्या पडद्याप्रमाणें प्रकाश फेंकून चित्र दाखवीत नाहीं. त्यांत केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात, आणि प्रत्येक कुपींत पांढरे व काळे कण पातळ द्रवांत तरंगत असतात. दोहोंवरचा विद्युद्भार परस्परविरुद्ध असल्यामुळें विजेचा दाब द्यावा त्याप्रमाणें पांढरे किंवा काळे कण वर येतात, आणि वीज काढून घेतली तरी ते जेथल्या तेथें राहतात. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंतून निघालेल्या मंडळींनीं १९९७ सालीं ई इंक नांवाची कंपनी काढून ही विद्या बाजारांत आणली. वीज लागते ती चित्र बदलतांना. तें धरून ठेवण्यास लागत नाहीं. म्हणून निजलेल्या पाटीचें तोंड कोरें ठेविलें काय किंवा त्यावर चित्र ठेविलें काय, बॅटरीस दोन्ही सारखेंच. दिवसाचे बावीस-तेवीस तास पाटी निजलेली असते. तेवढा वेळ कोणाच्या उशाशीं, कोणाच्या मेजावर, आमच्या घरीं देवघराबाहेरच्या कोनाड्यांत, एक लहानशी भिंत फुकट उभी असते. ती भाड्यानें देण्याची कल्पना व्यापारी माणसास सुचली नसती तरच नवल!

आतां घेणारानें काय धरून चालावें? प्रथम मनांतील भीति दूर करूं. पुस्तकाच्या पानांत जाहिरात येत नाहीं. ज्ञानेश्वरी उघडली असतां दोन ओव्यांच्या मधून साबण निघत नाहीं. जाहिरातीची जागा निजलेल्या तोंडावर, आणि पाटी उघडल्यावर जें पहिलें पान येतें त्याच्या तळाशीं एका पट्टींत. नवी जाहिरात वायफायवरून येते. बोटानें चालणाऱ्या पाटीस जागें करतांना जाहिरात बाजूस सारण्यासाठीं बोट एकदां अधिक फिरवावें लागतें. तरुण माणसास याचें कांहींच वाटत नाहीं. कांपऱ्या हाताचें बोट मात्र जाहिरातीवरच टेकतें, आणि पुस्तकाऐवजीं दुकान उघडतें. मग ‘अरे, हें काय आलें बघ,’ म्हणून हांक येते. दुसरें असें कीं, निजलेल्या किंडलवर आपण वाचीत असलेल्या पुस्तकाचें मुखपृष्ठ दिसावें अशी सोय २०२१ च्या एप्रिलांत झाली. ती जाहिरातीच्या यंत्रास मिळत नाहीं. कॅनडांत निघालेल्या कोबो या यंत्रावर तर पुस्तकाचें मुखपृष्ठच दिसतें.

वीस डॉलर अधिक दिले म्हणजे दुकान सर्वस्वीं गप्प बसतें, असेंही समजूं नये. पहिल्या पानावर ‘आपणांस हेंही आवडेल’ अशा शिफारशी राहतातच, आणि पुस्तक संपतें न संपतें तोंच पुढचें पुस्तक पुढें केलें जातें. याचा आम्हांस फारसा राग येत नाहीं. आमच्या लहानपणीं कादंबरीच्या शेवटल्या पानांवर प्रकाशकाची यादी असे, आणि ती आम्ही कादंबरीइतक्याच आवडीनें वाचीत असूं.

सर्वांत उपयोगाची गोष्ट ही कीं, हा सौदा मागाहूनही मोडतां येतो. यंत्र ज्याच्या खात्यावर नोंदलेलें असेल त्यानें त्या खात्यांत जाऊन फरकाची रक्कम भरली म्हणजे जाहिराती बंद होतात. यंत्र परत धाडावें लागत नाहीं. ही मुभा नेहमीं होतीच असें नव्हे. २०१२ च्या सप्टेंबरांत अमेझॉननें आपली फायर एचडी ही टॅब्लेट जाहीर केली तेव्हां तीवरील जाहिराती काढण्याचा मार्गच ठेविला नव्हता. लोकांनीं ओरड केली, आणि थोड्याच दिवसांत पंधरा डॉलर घेऊन त्या काढण्याचें कंपनीनें कबूल केलें. मुलांसाठीं म्हणून जें किंडल विकतात त्यावर जाहिराती मुळींच नसतात. मुलांनीं काय पाहावें याचा विचार झाला, हें उत्तमच. वृद्धांसाठीं तशी जात अजून कोणी काढलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

या प्रकरणाची चर्चा आमच्या घरीं दोन रात्रीं चालली. आमचे वडील बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. हिशेबाच्या बाबतींत त्यांच्यापुढें कोणाचें चालत नाहीं. ते म्हणाले, “तुम्ही एवढे संतापतां कां? डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ १८५२-५३ सालीं महिन्याच्या हप्त्यांनीं निघाली, तेव्हां त्या हप्त्यांस जाहिरातींचीं पानें जोडलेलीं असत. शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ काढलें तें कारखान्याची नि मालाची माहिती लोकांस व्हावी म्हणून. त्यांतून केवढें मासिक झालें! जाहिराती नसत्या तर दिवाळी अंक तुमच्या खिशास परवडला असता काय?”

यांतलें एक अक्षर खोटें नाहीं. जाहिरातीच्या आधारावांचून आपल्या भाषेंतील कित्येक मासिकें वर्षभरही जगलीं नसतीं, आणि तेलाच्या बाटलीचें चित्र जवळ छापलें म्हणून कोणत्याही कथेची गोडी कमी झाली नाहीं. परंतु मासिकांत स्वस्ताई ज्यास मिळते तोच जाहिरात पाहतो. वर्गणी आम्हीं भरली, ती आम्हांसच कमी पडली, आणि जाहिरातीचें पान उलटावयाचें कीं वाचावयाचें हेंही आमच्याच हातीं राहिलें. येथें वीस डॉलर वांचले ते पुतण्याचे, आणि त्यांच्या पोटीं जें पाहावयाचें तें पाहिलें आत्याबाईंनीं. त्यांस कोणी विचारलें नव्हतें. स्वतःसाठीं पाटी घेणारा तरुण जाहिरातीची जात घेईल तर त्यांत आम्हांस वावगें दिसत नाहीं. आम्हीही कदाचित् तीच घेऊं. दुसऱ्यास देण्यासाठीं घेतांना मात्र ते वीस डॉलर त्या भेटीचाच भाग धरावे, असें आम्हीं वडील बंधूंस म्हटलें. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, “वीस डॉलर म्हणजे सतराशें रुपये होतात, बरें का,” आणि झोपावयास गेले. याचा अर्थ त्यांस तें पटलें असा आम्ही करितों.

पुतण्यास दोष देणें आमच्या जिवावर येत होतें. नोकरीस लागून त्यास दोन वर्षें झालेलीं. येण्याजाण्याचें भाडें, सगळ्यांच्या भेटी, यांतून दोन किंमती एकाखालीं एक दिसल्या आणि त्यानें खालची निवडली. रविवारीं फोन आला तेव्हां आम्हीं जाहिरातींविषयीं सांगितलें. “काका, मला तें सुचलेंच नाहीं. माझ्याही यंत्रावर आहेत त्या, मी पाहतसुद्धां नाहीं,” असें तो म्हणाला. वहीची गोष्ट सांगावी कीं सांगूं नये, असें मनांत होत होतें. शेवटीं सांगितली. पलीकडे इतका वेळ शांतता होती कीं फोन तुटला असें आम्हांस वाटलें. मग त्यानें विचारलें, “नांवें लिहिलीं आजीनें? अकराही?”

त्याच रात्रीं त्यानें पैसे भरले. दुसऱ्या दिवशीं पाटी वायफायवर असतांनाच चित्रें गेलीं, आणि आतां ती निजली म्हणजे चालू असलेल्या कादंबरीचें मुखपृष्ठ दिसतें. आत्याबाई ती पालथी ठेवीत नाहींत. रविवारच्या फोनवर पुतण्या त्यांस एखाद्या पुस्तकाचें नांव स्वतः सांगतो, बहुधा मराठी, आणि तें मागवूनही देतो. वहींत अकरा नांवांखालीं एक रेघ ओढून त्यांनीं पुढें बारावें, तेरावें असें मांडण्यास आरंभ केला आहे.

मात्र रेघेच्या वरचीं नांवें त्यांनीं खोडलीं नाहींत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एके दिवशीं त्या आम्हांस म्हणाल्या, “तें डोंगरावरचें काळें घर होतें ना, पहिल्या चित्रांतलें, तेवढें पुस्तक मागवून दे. त्या घरांत काय झालें तें कळलें पाहिजे.” पुस्तक आणविलें. हें वडील बंधूंस कळतांच ते इतके हंसले कीं त्यांस ठसका लागला, “म्हणजे जाहिरात फळली कीं हो शेवटीं!” असें ते पुढें चार दिवस ज्यास त्यास सांगत होते. आमची मुलगी रोज दुपारीं आत्याबाईंजवळ बसून दोन पानांचा अर्थ सांगते. चवथें प्रकरण चालू आहे, आणि घराचें दार अजून कोणी उघडलेलें नाहीं.